उड्डाणापूर्वींचा उद्योग

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलें, म्हणजे एका दृष्टिक्षेपांत न मावणारा मुलूख समोर येतो. एकीकडे वसईची खाडी आणि तिच्यावरील रेल्वेचे पूल, मध्यें मिठागरें व तिवरांची झाडी, पुढें डोंगरी व उत्तन हीं गांवें, आणि कोळीवाड्यांत बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. स्टेशनालगत तर इमारतीला इमारत भिडली आहे. असा मुलूख जमिनीवरून अर्धाच दिसतो. तेव्हां ड्रोन नांवाच्या चिमुकल्या वैमानिकरहित विमानास कॅमेरा जोडून छायाचित्रें घेण्याचा धंदा काढावा, असें येथील एखाद्या तरुणाच्या मनांत आलें तर नवल नाहीं. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय हाच धंदा आहे; मात्र उड्डाणाचा काळ नव्हे, तर उड्डाणाची मुभा मिळेपर्यंतचा काळ.

उंचावरून चित्र घेण्याची हौस जुनी आहे. १८५८ सालीं नादार नांवाच्या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ बलूनमधून तसा यत्न केला. बलून होतें, कॅमेरा होता, कसबही होतें. परंतु बलूनच्या तोंडांतून सुटणाऱ्या वायूनें कांचा काळवंडत आणि हातीं कांहींच लागत नसे. हें कारण उमगल्यावरच चित्र उठलें. १८८८ सालीं आर्थर बातू ह्यानें पतंगाला कॅमेरा बांधून हेंच काम साधलें. साधन हातीं येणें आणि काम साधणें ह्यांत असें अंतर असतें.

भारतांत ह्या अंतरांत कायद्याचीही भर पडली. ७ ऑक्टोबर २०१४ रोजीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें, नियम होईपर्यंत खाजगी व्यक्तींनीं व संस्थांनीं ड्रोन उडवूं नयेत, अशी जाहीर सूचना काढली. पहिले नियम अंमलांत आले ते १ डिसेंबर २०१८ रोजीं. मधलीं चार वर्षें ज्यांनीं यंत्रें घेऊन ठेविलीं होतीं, त्यांचें भांडवल पेटींत पडून राहिलें. पुढें ऑगस्ट २०२१ मध्यें नवे, पुष्कळच सुटसुटीत नियम आले. त्यांप्रमाणें आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन भाग सरकारी नकाशावर दाखविले आहेत. हिरव्या भागांत ४०० फुटांपर्यंत दर उड्डाणास वेगळी परवानगी लागत नाहीं. पिवळ्यांत विमानवाहतूक नियंत्रकाची व तांबड्यांत केंद्र सरकारची लागते. विमानतळाभोंवतींचा निर्बंधांचा पट्टा १२ किलोमीटरांचा आहे, आणि भाईंदर मुंबईच्या विमानतळापासून त्याहून दूर पडतें. पण तेवढ्यानें मोकळीक मिळाली असें कोणीं समजूं नये. नकाशा बदलतो; कोणताही भाग एका वेळीं ९६ तासांपर्यंत तात्पुरता तांबडा ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारास व पोलिसांस आहे; शिवाय पोलिसांचे मनाईहुकूम निघतात ते वेगळेच. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर व वसई-विरारला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. चौकशी तेथेंच करावी.

आकाश मोकळें असलें तरी चालकाकडे व यंत्राकडे कागद हवेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास चालकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. त्याहून जड यंत्र धंद्यासाठीं उडवायचें, तर १८ ते ६५ ह्या वयाच्या, दहावी उत्तीर्ण उमेदवारानें मान्यताप्राप्त संस्थेंत शिकून तें मिळवावें लागतें. अशा यंत्राला सरकारमान्य नमुन्याचें प्रमाणपत्र, स्वतःचा नोंदणी क्रमांक आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा लागतो. ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं परदेशी ड्रोनांच्या आयातीवर, थोडे अपवाद सोडून, बंदी आली. म्हणून आडमार्गानें स्वस्तांत मिळालेलें परदेशी यंत्र कितीही देखणें असलें, तरी त्याला नोंदणी क्रमांक मिळेलच असें नाहीं.

येथेंच ह्या धंद्याची खरी गोम आहे. पुष्कळ तरुण प्रथम कर्ज काढून यंत्र घेतात, मग शिकतात आणि शेवटीं गिऱ्हाईक शोधतात. कर्जाचा हप्ता मात्र परवानगीसाठीं थांबत नाहीं. इतक्यांत एखाद्या लग्नाचें बोलावणें येतें, "एकदांच उडवूं, कोण पाहतो?" असें वाटूं लागतें. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो; आणि विमा नसतांना यंत्र वऱ्हाडावर कोसळलें, तर भरपाई घरांतूनच द्यावी लागते. हा मोह स्वभावदोषानें उपजतो असें नव्हे. खर्चाचा क्रम चुकला कीं तो आपोआप उपजतो.

क्रम उलटा ठेवावा. आधीं शिक्षण व प्रमाणपत्र, मग गिऱ्हाईक, यंत्र शेवटीं. वाट पाहण्याच्या महिन्यांत करण्याजोगें पुष्कळ आहे. गच्चीवरून सकाळ-संध्याकाळचा प्रकाश अभ्यासावा, संगणकावर उड्डाणाचा सराव करावा, चित्रें जोडून नकाशा करण्याची विद्या शिकावी. ती विद्या लग्नकार्यापुरती नाहीं. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवच्या गांवठाणाची मोजणी ड्रोनच्या साह्यानेंच झाली, आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेनें ही पद्धत देशभर नेली. भाईंदरांत गृहनिर्माण संस्थांच्या गळक्या गच्च्या आहेत, सूर्यशक्तीचे पट्टे आहेत, बांधकामें आहेत. त्या चालकांस भेटून काम ठरवावें. प्रमाणपत्रधारक चालकाकडून रीतसर उड्डाण करवावें, आणि चित्रांची निवड व मांडणी स्वतः करून आपला वांटा घ्यावा. अशानें परवानगीपूर्वींही प्रामाणिक मिळकत सुरू होते. करारांत "मुभा न मिळाल्यास आगाऊ रक्कम परत" हें वाक्य असावें. आणि खिडकीला खिडकी लागलेल्या वस्तींत कॅमेरा नेण्यापूर्वीं संस्थेची लेखी संमति घ्यावी. शेजाऱ्याचा विश्वास गमावलेल्यास दुसरें काम मिळत नाहीं.

घरच्या वडीलधाऱ्यांकडे ह्या धंद्यासाठीं पैसे मागितले गेले, तर त्यांनीं यंत्राची किंमत विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: चालकाचें प्रमाणपत्र कोठें आहे, यंत्राला नोंदणी क्रमांक मिळेल काय, आणि लेखी मागणी कोणाची आहे. तिन्हींचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे पैसे खुशाल द्यावे.