जुन्या संगणकांचा प्राण आणि त्यांतील अक्षरे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय शोभतात. तेथे माळ्यावरच्या अडगळीविषयी बोलण्यास आम्ही उभे राहिलो, याचे कोणास नवल वाटल्यास तो दोष त्याचा नव्हे. परंतु सातारा काय किंवा सांगली काय, ज्या घरी १९८० नंतरच्या पंधरावीस वर्षांत संगणक आला, त्या घरी आज एखादे खोके धूळ खात पडलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यात एक जाडजूड कळफलक, गुंतलेल्या तारा, चारदोन कॅसेटी, क्वचित पंख्याच्या पात्यासारख्या लवचिक काळ्या फ्लॉप्या. असे खोके हाती आले की मंडळी तीन प्रश्न विचारतात. याला वीज कोठून द्यावी? आतले बाहेर कसे काढावे? आणि एवढा खटाटोप करावा कशासाठी? याच क्रमाने आम्ही उत्तरे देणार आहोत; मात्र तिसरा प्रश्न आपण आरंभापासून मनात वागवावा, अशी विनंती आहे.

ही यंत्रे होती तरी कशी, हे तरुण श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. यांना स्वतःचा पडदा नव्हता; घरचा टीव्हीच पडदा होई. स्वतःचे कोठारही नव्हते. गाणी वाजविण्याचा टेपरेकॉर्डर हेच कोठार. इंग्लंडमध्ये १९८१ च्या डिसेंबरात बीबीसी मायक्रो आणि १९८२ मध्ये सिंक्लेअर स्पेक्ट्रम निघाला. अमेरिकेत त्याच वर्षी कमोडोर ६४ आला. आपल्या देशात केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांतील संगणकशिक्षणाचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तो बीबीसी मायक्रोवरच. हैदराबादच्या एका कंपनीने पुढे स्पेक्ट्रमच्या घडणीचा 'डीबी स्पेक्ट्रम' बाजारात आणला. बाकीची यंत्रे परदेशी असलेल्या काकामामांच्या सामानातून आली. स्पेक्ट्रमची मोठी स्मृती ४८ के, म्हणजे सुमारे एकोणपन्नास हजार अक्षरांची. आजचे एक छायाचित्रही तेवढ्यात मावणार नाही. पण मासिकाची पंचवीसेक पाने तीत सुखाने बसत.

आता पहिला प्रश्न, विजेचा. या बाबतीत उतावळेपणा हा यंत्राचा खरा शत्रू आहे. यंत्र तीस-चाळीस वर्षे टिकते आणि एका संध्याकाळी, 'लागतो का बघू' म्हणून कोणीतरी हाताशी असलेला एलिमिनेटर त्यात खुपसतो. यंत्र तेथेच संपते. म्हणून मुळातली गोष्ट ध्यानात घ्यावी. गच्चीवरच्या टाकीची उंची म्हणजे व्होल्ट आणि नळातून येणारे पाणी म्हणजे अँपिअर. टाकी मोठी असली तर बिघडत नाही. नळ उघडावा तेवढेच पाणी येते. पण टाकी फार उंच चढविली तर नळ फुटतो. एलिमिनेटरचे अँपिअर मूळच्यापेक्षा जास्त असले तरी चालतील, व्होल्ट मात्र नेमके तेच हवेत. या यंत्रांतील बहुतेक चिपांना पाच व्होल्ट लागतात, आणि पावणेपाच ते सव्वापाच एवढीच त्यांची सोसण्याची मर्यादा.

स्पेक्ट्रमला बाहेरून नऊ व्होल्ट आणि सुमारे १.४ अँपिअर लागतात. त्यांचे पाच व्होल्ट यंत्र आतल्या आत करून घेते. असा एलिमिनेटर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, आणि खरा घात येथेच आहे. आज मिळणाऱ्या बहुतेक एलिमिनेटरांच्या गोल पिनेत मधले टोक धन आणि बाहेरची कडा ऋण असते. स्पेक्ट्रमला नेमके उलटे हवे: मध्ये ऋण, बाहेर धन. पिन तर तंतोतंत बसते. बसली म्हणजे जमली असे वाटते, आणि आतले भाग जळतात. पिनेजवळ एक लहानशी आकृती छापलेली असते, ती वाचावी. आणि छापील आकृतीवरही विश्वास न ठेवता मीटर लावून पाहावे. मीटर लावताना एलिमिनेटरला काहीतरी भार द्यावा. स्कूटरच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब या कामाला उत्तम. जुन्या धाटणीचा एलिमिनेटर मोकळा असताना नवाचे बारातेरा व्होल्ट दाखवितो, भार पडला की खाली येतो. नव्याने मात्र भार असो वा नसो, नऊच दाखविले पाहिजेत.

कमोडोरची गोष्ट अधिक कपटी आहे. त्याच्या विटेएवढ्या ठोकळ्यातून दोन प्रकारची वीज एकाच सात टोकांच्या प्लगमधून येते: पाच व्होल्ट एकदिश आणि नऊ व्होल्ट उलटसुलट. ठोकळ्याचे पोट राळेने भरलेले, त्यामुळे तो उघडून दुरुस्त करता येत नाही. जुना झाला की त्यातील नियामक भाग निकामी होतो, पाचाचे सहा-सात व्होल्ट होतात आणि स्मृतीच्या चिपा जळतात. वरून ठोकळा धडधाकट दिसतो. मूळ ठोकळा जपून ठेवावा, पण तो यंत्राला लावू नये. नवा करवून घ्यावा, आणि व्होल्ट साडेपाचाच्या आसपास गेले की पुरवठा तोडणारे छोटे मंडल मध्ये घालावे. यंत्र अमेरिकेतून आलेले असेल तर आणखी एक सावधगिरी: तेथील ठोकळा ११७ व्होल्टांचा असतो. आपल्या २३० व्होल्टांवर तो क्षणभरही टिकणार नाही.

बीबीसी मायक्रोचा वीजपुरवठा यंत्राच्या पोटातच असतो. त्यात विजेच्या तारेलगत पिवळसर पारदर्शक कवचाचा एक कंडेन्सर बसविलेला आहे. कालांतराने कवचाला बारीक तडे जातात, आत ओल शिरते; आणि महाबळेश्वराच्या पायथ्याच्या मुलखात ओलीची वाण नाही. असे यंत्र लावले की पाचदहा मिनिटे उत्तम चालते, मग खोलीभर उग्र वासाचा दाट धूर होतो. लोक घाबरून यंत्र टाकून देतात. वस्तुतः बहुधा तो एक कंडेन्सरच गेलेला असतो. बाकी संगणक शाबूत राहतो. लावण्यापूर्वीच तो बदलावा, त्याच मापाचा आणि एक्स-टू या सुरक्षा-वर्गाचा. हे काम मात्र जाणत्या माणसाचे आहे. या पुरवठ्याच्या आत सव्वातीनशे व्होल्टांपर्यंत वीज साठलेली असते, आणि बटण बंद केल्यावरही ती काही काळ राहते. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर दोन्ही गावांत अजून आहेत. त्यांना चार पैसे द्यावेत आणि त्यांच्यापाशी बसून काम पाहावे. ती विद्याही आता माळ्यावर चालली आहे.

यंत्रात प्राण आला. आता आतले बाहेर काढावयाचे. येथे पहिला नियम असा की मूळ प्रतीवर काही लिहिले जाऊ नये. कॅसेटच्या पाठीवरील दोन पाती मोडावीत. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बुजवावी. पाच पैशांचेही काम नाही, पण जन्माची हानी टळते.

कॅसेटवर मजकूर आवाजाच्या रूपाने असतो. स्पेक्ट्रमची कॅसेट वाजविली तर कर्कश किंचाळी ऐकू येते. त्या किंचाळीत छोटी लहर म्हणजे शून्य आणि तिच्या दुप्पट लांबीची लहर म्हणजे एक. सगळी ४८ के स्मृती भरावयास पाचेक मिनिटे लागत. म्हणून कॅसेटीतील मजकूर वाचण्यास जुने यंत्र लागतेच असे नाही. चांगला टेपरेकॉर्डर, एक तार आणि आजचा संगणक एवढे पुरते. आवाज आहे तसा, न आवळता साठवावा. गाण्यासाठी जी एमपीथ्रीची पद्धत चालते ती येथे टाळावी, कारण कानाला नको असलेले ती गाळते आणि त्या गाळात आपली अक्षरेही जातात. मग लहरी मोजून पुन्हा शून्य-एक करणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. मात्र त्याआधी कॅसेट उघडून पाहावी. फितीच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर ती साफ केल्यावाचून वाजवू नये. रेकॉर्डरचे रबरी पट्टे चिकट झाले असतील तर आधी बदलावेत. आणि अक्षरे नीट उमटत नसतील तर रेकॉर्डरच्या डोक्याशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून आवाज जास्तीत जास्त स्वच्छ करावा.

फ्लॉपीचे तसे नाही. बीबीसीच्या चाळीस वाटांच्या एका बाजूवर १०० के, ऐंशी वाटांच्या बाजूवर २०० के मजकूर बसे. ती फिरविणारी पेटी आजच्या संगणकाला सरळ जोडता येत नाही. दोन मार्ग आहेत. यंत्र चालू असेल तर त्याच्या पाठीमागील पाच टोकांच्या आरएस-४२३ जागेतून तार काढून मजकूर ओळीने पाठवावा. सेकंदाला ९६०० या गतीने एक १०० के ची बाजू हिशेबाने पावणेदोन मिनिटांत जाते. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, पण मोफत होते. यंत्र बंद असेल तर ग्रीसवीझल नावाची हाताच्या पंजात मावणारी पाटी मिळते. ती फ्लॉपीच्या पेटीला आणि आजच्या संगणकाला जोडली की फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेते. त्यांचा अर्थ नंतर सावकाश लावता येतो. खराब फ्लॉपीपुढे हाच मार्ग शहाणपणाचा, कारण ती पुन्हापुन्हा फिरविण्याची पाळी येत नाही.

येथवर आल्यावर मराठी माणसाची एक निराळीच अडचण उभी राहते. या यंत्रांना देवनागरी येत नव्हती. मुलांनी चौकटीच्या कागदावर आठ बाय आठ घरांत 'अ' काढला, वरची ओळ शिरोरेखेला दिली आणि त्याचे आकडे यंत्रात भरले. स्पेक्ट्रमवर अशी एकवीस चिन्हे बसविता येत. पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्र सर्वत्र नेले, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय प्रमाण ठरले, आणि निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट आले, प्रत्येकाची अक्षरजुळणी वेगळी. म्हणून त्या काळची मराठी फाईल आज उघडली की इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते. ती खराब झाली असे समजून पुसू नये. कोणत्या फॉन्टात लिहिली होती ते शोधावे, तो फॉन्टही जपून ठेवावा, आणि मग मजकूर युनिकोडात उतरवावा. खोक्यावर कोणी पेन्सिलीने फॉन्टचे नाव लिहून ठेवले असेल तर ती पेन्सिलीची ओळ फार मोलाची.

आता तिसरा प्रश्न: हे सारे कशासाठी? आपल्याच मुलखाची साक्ष काढू. वाईस मिळालेल्या कागदांवरून इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड सिद्ध केला. मिरजेस वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले. ते कागद शंभर-दीडशे वर्षे रुमालात बांधून पडले होते. कोणी त्यांना वीज दिली नव्हती. ज्याला मोडी येते त्याने रुमाल सोडावा आणि वाचावे, एवढेच काम होते. आमच्या पिढीच्या लेखनाचे तसे नाही. त्याला वीज हवी, फिरविणारी पेटी हवी, कार्यक्रम हवा, फॉन्ट हवा. यांतील एक जरी हरपले तरी सगळे मुके.

इंग्लंडात याचा मोठा दाखला घडला. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या जमीनमोजणीच्या दप्तराला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशाचे नवे दप्तर केले. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत शाळेतील मुलांनी, आपापल्या गावची माहिती लिहून दिली. ती लेसरच्या तबकड्यांवर घातली गेली, आणि वाचावयास अर्थातच बीबीसीचा संगणक. पंधरा वर्षांत ती यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की विद्वानांना खास प्रकल्प करून तो मजकूर सोडवावा लागला. २०११ मध्ये गावोगावच्या माहितीची तबकडी महाजालावर आली. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र तेव्हाही वाचता येत होते आणि आजही येते.

यातून आम्ही घेतलेला बोध साधा आहे. कागद जपल्याने टिकतो. संगणकातील मजकूर नुसता जपल्याने टिकत नाही, तो नकलून टिकतो. यंत्राला वीज देण्याचा खटाटोप त्या एका नकलेसाठी. नक्कल झाल्यावर यंत्र बंद पडले तर हळहळ वाटेल, हानी होणार नाही. नक्कल करण्यापूर्वी यंत्र चकचकीत पुसून कपाटात मांडले, तर शोभा होईल आणि आतले हळूहळू मरत राहील. आणि आत काय असते? कोणा आजोबांनी टंकलेली भाऊबंदकीची हकिगत, कोणा शिक्षिकेने केलेली गणिताची उजळणी, एखाद्या दुकानाचे हिशेब, एखाद्या मुलाचा चौकटीतला 'अ'. राजवाड्यांच्या रुमालांतही बहुतेक असेच साधे कागद होते.

एक सूचना करून आटोपते घेतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि सांगलीच्या पेठांतील घरे, दुकाने, ग्रंथसंग्रह पाण्यात बुडाले. २००५ च्या पुराची आठवण पुसली नव्हती तोच हे झाले. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतल्या साताऱ्याला तो पूर शिवला नाही. पण साताऱ्याला पाऊस आणि बुरशी आहे. तेव्हा सांगलीकरांनी आपल्या नकलेची एक प्रत साताऱ्यातील सोयऱ्यांकडे ठेवावी, सातारकरांनी आपली सांगलीस पाठवावी, आणि दर पाच वर्षांनी दोघांनी ती उघडून पाहून नव्या साधनावर पुन्हा उतरवावी. दोन्ही गावच्या ग्रंथालयांनी मनावर घेतले तर हे काम घरोघरी न राहता गावाचे होईल. एक टेपरेकॉर्डर, एक फ्लॉपीची पेटी, एक मीटर आणि आठवड्यातून दोन तास देणारी चार माणसे, एवढ्यावर त्याला आरंभ करता येतो. अक्षर या शब्दाचा अर्थ न झिजणारे. तो अर्थ खरा करून दाखविण्याचे काम शब्दकोश करीत नाही, ते माणसांनाच करावे लागते.

 घरी गेल्यावर माळ्यावरचे खोके खाली काढावे. एलिमिनेटर मात्र आज रात्री लावू नये.