अपील संपलं, आता काय?



परवा एक म्हातारबा आपल्या खोलीवर आले. काखेत पिशवी, पिशवीत आयुष्यभराचे कागद. जमिनीचा दावा खाली हरले, जिल्हा कोर्टात अपीलही हरले. एक दलाल म्हणाला, ''वीस हजार टाका, केस पुन्हा उघडतो.'' म्हातारबांनी विचारलं, ''पोरा, उघडंल का रं?''

त्या म्हाताऱ्याला खोटं कोण सांगणार? पण खरं सांगायला आपल्याला ते ठाऊक तर पाहिजे!

अपिलाचा निकाल लागला की खालचा निकाल त्यात विरघळतो. मग खालच्या कोर्टाचं दार ठोठावून उपयोग नाही. राहिल्या तीन वाटा.

पहिली, हायकोर्टात दुसरं अपील. मुदत ९० दिवस, आणि तिथं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्नच चालतो. दुसरी, अपिलाच्याच कोर्टात रिव्ह्यू. मुदत ३० दिवस. निकालात उघड दिसणारी चूक पाहिजे, नाहीतर कसून शोधूनही आधी न सापडलेला पुरावा, किंवा तसंच वजनदार कारण. 'साहेबांनी ऐकलंच नाही' एवढ्यावर भागत नाही.

तिसरी, फसवणूक. नायडू विरुद्ध जगन्नाथ खटल्यात वादीनं १९४५ सालचं स्वतःचंच हक्कसोडपत्र कोर्टापासून लपवून वाटपाची डिक्री मिळवली. ती कायम झाल्यावर कागद उघडा पडला. १९९३ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, लबाडीनं मिळवलेला निकाल निकालच नव्हे. कुठल्याही कोर्टात त्याला आव्हान देता येतं. पण कुणी, केव्हा, काय लपवलं, हे तपशिलानं मांडून सिद्ध करावं लागतं. त्यासाठी दावा लावायचा तर लबाडी कळल्यापासून ३ वर्षांत.

बघा, न्यायाला डोळे नसतील, पण हातात घड्याळ आहे. आणि हातावर पोट असणाऱ्याचे ३० दिवस हजेरीतच जातात. खाडा केला तर चूल विझते, नाही केला तर मुदत!

म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. तालुका कोर्टातली विधी सेवा समिती गाठा. भीक नाही, हक्क आहे.

म्हातारबांच्या दोन्ही मुदती कधीच गेल्यात. उशीर माफ करा म्हणता येतं, पण दिवसादिवसाचा हिशेब द्यावा लागतो. आता त्यांच्या पिशवीतला कागद न् कागद वाचायचाय, समोरच्यानं काही लपवलंय का ते शोधायचंय. सापडलं तर लढू. नाही सापडलं तर त्यांच्या तोंडावर तसं सांगू.

पण दलालाला वीस हजार? एक दमडी नाही!

रविवारी कोण कोण येतंय कागद वाचायला? हात वर करा.