नोकरी सांभाळून विद्याभ्यास

(रात्र महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पोटासाठी नोकरी आणि ज्ञानासाठी रात्र, ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पण लंडनमधील अपुरे शिक्षण त्यांना स्वस्थ बसू देईना. पगारातून शिल्लक टाकून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी वर्ग सकाळी भरवले गेले. कमावत्या विद्यार्थ्याची अडचण ज्याने स्वतः भोगली, त्यालाच हे सुचते!

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड सिद्ध केले. पहिला १९३० चा, शेवटचा १९६२ चा.

मात्र थोरांची उदाहरणे ऐकून उत्तरपत्रिका लिहिता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी एम.ए.ला बहिःस्थ म्हणून नाव घातले, तेव्हा वृत्तपत्रात रात्रपाळी करीत होतो. घरी पोहोचायला पहाटेचे तीन वाजत. अभ्यास रविवारी करू, असे ठरवले आणि पहिल्याच वर्षी एका विषयात नापास झालो. रविवार हा लग्नमुंजींचा, पाहुण्यांचा असतो. मग कामावर निघण्यापूर्वी रोज दीड तास, आणि त्यातही वाचन कमी, लेखन अधिक, असा क्रम धरला. तो टिकला.

वरिष्ठांना आधी सांगा. मी लपवले होते. ऐन परीक्षेच्या आठवड्यात रजा नाकारली गेली, तेव्हा तक्रार करायलाही तोंड नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता दिली आहे, पण तेथेही नोकरी देणाऱ्याचे ना-हरकत पत्र लागतेच.

येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट स्पष्टच सांगतो. काहींना ती रुचणार नाही. परीक्षेपूर्वी दोन महिने बैठका, प्रवास, कार्यक्रम बाजूला ठेवा आणि त्याची खंत बाळगू नका. संघटनेचे काम करतो म्हणून नापास झालो, ही सबब संघटनेलाच कमीपणा आणते. सायंशाखेचा तास तेवढा सोडू नका. दिवसभर खुर्चीत बसलेल्या शरीराला तो हवाच असतो.

आता जे सांगायला मला संकोच वाटतो, ते. मी एम.ए. झालो, पेढे वाटले. माझ्या पत्नीचे बी.ए.चे शेवटचे वर्ष लग्नामुळे राहून गेले होते आणि माझ्या अभ्यासासाठी घर तिने एकटीने ओढले. तिला शिकायचे आहे का, हे मी एकदाही विचारले नव्हते. अखेर तिनेच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला. नोकरी आणि दोन मुले सांभाळून २००४ मध्ये ती पदवीधर झाली. त्या काळात रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे होता. पोळ्या जमू लागल्या. भाकरी मात्र आजही थापता येत नाही.