ठोसा मारणारा बाहेर, पण बाकावरून उठणारा का?

आजचा प्रश्न असा, की बास्केटबॉलमध्ये मारामारी झाली तर रेफरी ती कुठल्या कप्प्यात टाकतो? मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला नियमपुस्तकातही ‘इफ-एल्स’च दिसतं.

एनबीएचं बघा. खेळताना नियमाबाहेरचा धक्का दिला, की पर्सनल फाउल. तो अनावश्यक असेल तर ‘फ्लॅग्रंट वन’. अनावश्यक आणि वर अतिरेकी असेल तर ‘फ्लॅग्रंट टू’, म्हणजे खेळाडू थेट बाहेर. मारामारीचा कप्पा मात्र वेगळा आहे, टेक्निकल फाउलचा. एरवी चेंडू खेळात असताना झालेल्या धक्क्याला टेक्निकल देता येत नाही. मारामारी हा अपवाद. कारण उघड आहे: तो खेळाचा भागच नाही. ठोसा तर नुसता उगारून मारला आणि हुकला, तरी खेळाडू बाहेर, शिवाय किमान एका सामन्याची बंदी.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. खरा वाद आहे बाकावरच्यांचा. भांडण सुरू असताना बाकाजवळची जागा सोडली, की किमान एका सामन्याची बंदी. कुणाला हात लावला का, हे विचारलंच जात नाही.

मे २००७. फिनिक्स सन्स विरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स, प्लेऑफचा चौथा सामना. शेवटच्या काही सेकंदांत स्पर्सच्या रॉबर्ट ऑरीने स्टीव्ह नॅशला कडेच्या टेबलावर ढकललं. सन्सचे अमारे स्टाउडमायर आणि बोरिस डिआव बाकावरून उठून पुढे गेले. मारलं कुणालाच नाही. ऑरीला दोन सामन्यांची बंदी, या दोघांना एकेका सामन्याची. सन्सनी तो सामना जिंकून मालिका २-२ केली होती. पाचवा सामना ते घरच्या मैदानावर ८८-८५ असा हरले, मग मालिकाही गेली. स्पर्स पुढे विजेते ठरले.

अन्याय? त्या दोघांपुरता, हो. तरी मला नियम बरोबर वाटतो. रेफरी तिघं. दोन्ही बाकं मैदानात उतरली, तर सोडवायला कोण आलं आणि मारायला कोण, हे ते कसं ओळखणार? हेतू तपासता येत नाही, जागा सोडली की नाही हे दिसतं.

आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या नियमांनी चालतात. तिथेही भांडणात बाक सोडणारा राखीव खेळाडू बाद होतो. शांतता राखायला मुख्य प्रशिक्षक आणि त्यांचे पहिले सहाय्यक तेवढे आत जाऊ शकतात. तेव्हा मित्रावर कुणी धावून गेलं, तर शेजारच्याचा दंड घट्ट धरा आणि दोघंही बसून राहा. पुढच्या सामन्यात मित्राला तुमची गरज लागणार आहे.

भेटूया पुढच्या भागात!