आधी नमुना, मग गोळी



लघवीला जळजळ झाली की अमरावतीस काय, अकोल्यास काय, आपण ओळखीची गोळी घेतो, तपासणी मागाहून! प्रयोगशाळेत आम्ही जंतूला साखर, युरिया, सायट्रेट देऊन रंग पाहतो. युरियाची नळी गुलाबी झाली तर प्रोटियसचा संशय. ई-कोलाय ती गुलाबी करीत नाही. अशी ‘होय-नाही’ची उत्तरे तक्त्याशी ताडून संगणक संभाव्य नाव सांगतो. लंडनच्या लॅपेज व सहकाऱ्यांनी १९७३ साली यावर निबंध प्रसिद्ध केला.

नावाने काय होते? प्रोटियसने मुतखडा होऊ शकतो, आणि ई-कोलायवरचे नायट्रोफ्युरँटॉइन त्याच्यावर चालत नाही. आधीच गोळी घेतली तर जंतू दबतो, उत्तर मिळत नाही. म्हणून माझे मागणे एवढेच : आधी नमुना, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध.