एक टप्पा
(आषाढीनंतर बेळगावी मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



वारीचे आणि आपल्या जिल्ह्याचे नाते जुने. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हा अंकलीचे शितोळे सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आजही माउलींचे अश्व अंकलीहून पायीच आळंदीला जातात. म्हणजे पालखी निघण्याआधीच त्यांची वारी सुरू झालेली असते! त्यातल्या एका घोड्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा.

गेल्या वर्षी मंडळातले आम्ही नऊ जण आळंदीहून पंढरपूरला चालत गेलो. आमच्यातल्या एका काकांची बायपास झालेली. आम्ही म्हटले, "तुम्ही गाडीने थेट पंढरपूरला या, दर्शन तरी घडेल." काका म्हणाले, "दर्शनाचं राहू दे. मला एक टप्पा चालवा." डॉक्टरांना विचारून ते जेजुरीला आले आणि वाल्ह्यापर्यंत चालले. जेमतेम १२ किलोमीटर; तेवढ्यात पाच वेळा बसले. दुसऱ्या दिवशी एसटीने परत. खरे सांगायचे तर आम्हाला त्यांची कीव आली.

पुढे आम्ही काय केले? रोज किलोमीटर मोजले. मुक्कामी आधी पोचून जागा धरली, मोबाइल चार्ज करण्यावरून भांडलो. वाखरी येईतो दोघांचे बोलणे बंद. पंढरपुरात दर्शनाची रांग पाहून हातपाय गळाले आणि परतीचे रिझर्व्हेशन तर झालेले. नामदेव पायरीवर डोके ठेवले, कळस पाहिला, निघालो. दिंडीतल्या आजीबाई दरवर्षी एवढेच करतात आणि तृप्त होऊन परततात. आम्ही मात्र घरी कुणी "दर्शन झालं का?" विचारले की विषय बदलत होतो.

काकांकडे गेले की ते वाल्ह्याचा रस्ता सांगत. कुठल्या कडुलिंबाखाली टेकले, कुणी पाय चेपले, पिठलं-भाकरी देणाऱ्या बाईच्या मुलीचे लग्न कसे अडले होते. ती झाडे आमच्याही वाटेवर होती. आम्हाला एकही आठवेना.

काका माघात गेले.

यंदा जेजुरी सोडल्यावर आम्ही त्यांचे झाड शोधत चाललो. तशी दोन झाडे सापडली. कुठले खरे, यावर वाद झाला (आमचा स्वभाव कुठे जाणार!). शेवटी दोन्हींखाली बसलो. वाल्ह्याला पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या.