रावळपिंडीच्या दवाखान्यांत
(ज्युबिली समारंभांतील भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुली परिचारिका होऊन दूरदेशीं गेल्या आहेत. त्यांचे मातापिता येथें बसले आहेत, म्हणून आज शंभर वर्षांमागील एक हकीकत सांगतों.

डॉ. आना डेंगल यांचा जन्म १८९२ सालीं ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतांत झाला. आयर्लंडांत कॉर्क येथें त्यांनीं वैद्यकीची पदवी मिळविली आणि १९२० सालीं त्या स्वेच्छेनें रावळपिंडीस आल्या. १९४७ सालीं तें शहर पाकिस्तानांत गेलें. त्या वेळीं तें ब्रिटिश हिंदुस्थानांत होतें. तेथील सेंट कॅथरीन रुग्णालय डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश बाईंच्या खटपटीनें १९०९ सालीं उभें राहिलें होतें. वयाची साठी उलटल्यावर कॅथलिक झालेल्या या बाईंनींच आना यांना पत्रांतून ही वाट दाखविली. दोघींची भेट मात्र कधींच झाली नाहीं. मॅक्लॅरन बाई १९१३ सालींच देवाघरीं गेल्या.

आतां त्या पहिल्या दिवसांचा विचार करा. डॉक्टरीण बाईंची मातृभाषा जर्मन, शिक्षण इंग्रजींत, आणि समोर उर्दू व पंजाबी बोलणाऱ्या स्त्रिया! त्यांतील पुष्कळशा गोषांतल्या. परपुरुषाचा हात नाडीलाहि लागावयाचा नाहीं, मग बाळंतपणाची गोष्ट कशाला? आपल्या आज्यापणज्यांचीं बाळंतपणें सुइणींनींच केलीं. त्या सुइणींना मी कमी लेखीत नाहीं. परंतु मूल आडवें आलें, वार पडली नाहीं, रक्त थांबेना, म्हणजे सुईण काय करणार? बाळंतज्वरावरचीं सल्फा औषधें तोंवर निघालीं नव्हतीं. उकळलेलीं हत्यारें आणि स्वच्छ धुतलेले हात हीच मुख्य ढाल. अडलेल्या बाईच्या दारापर्यंत पुरुष डॉक्टर येऊं शके, पण दाराच्या आंत त्याला प्रवेश नव्हता.

मग धर्मभगिनी तेथें नव्हत्या काय? होत्या, आणि शुश्रूषाहि मनोभावें करीत होत्या. पण व्रतस्थ भगिनींनीं वैद्यकी, विशेषतः प्रसूतीचें काम, करूं नये असा ख्रिस्तसभेचा नियम होता. व्रतस्थ जीवनाचें रक्षण हा त्यामागचा हेतु चांगलाच होता. परंतु त्याचें मोल गोषांतल्या मातांनीं भरलें, असें मला स्पष्टपणें वाटतें. मॅक्लॅरन बाई तो नियम शिथिल व्हावा म्हणून वारंवार रोमला गेल्या होत्या. १९२० सालींच ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी गुंटूर येथें आल्या व भगिनी होऊनहि वैद्यकी करूं लागल्या. पण त्यासाठीं परमगुरु पंधरावे बेनेडिक्ट यांची खास परवानगी घ्यावी लागली. एकेका भगिनीसाठीं अशी परवानगी मागत बसल्यास त्या अफाट देशाला डॉक्टरिणी कधीं पुरणार?

डेंगल बाईंनीं रावळपिंडीस सुमारें चार वर्षें काढलीं आणि शीण घेऊनच त्या परत गेल्या. मन व्रताकडे ओढ घेई आणि हात प्रसूतिगृहाकडे. नियमाप्रमाणें दोहोंपैकीं एकच साधणार होतें. त्यांनीं एकहि सोडलें नाहीं. १९२५ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें दोन डॉक्टरिणी व दोन परिचारिका अशा चौघींनीं एक संघ स्थापिला. जाहीर व्रतें घेण्याची मुभा नव्हती, म्हणून व्रतांवांचून भगिनींप्रमाणें राहूं लागल्या. नुसता उत्साह पुरे नाहीं, रीतसर पदवी हवी, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. भक्तीनें रक्तस्राव थांबत नाहीं, हें ज्या डॉक्टरीण आहेत त्यांना सांगावें लागत नाहीं!

११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें. त्यांत केवळ परवानगी नव्हती. भगिनींनीं वैद्यकीच्या पदव्या व शुश्रूषेचीं प्रमाणपत्रें मिळवून माता आणि बालकें यांच्या सेवेस लागावें अशी प्रेरणाच होती. डेंगल बाई तेव्हां त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्यांनीं व त्यांच्या सोबतिणींनीं जाहीर व्रतें घेतलीं, आणि प्रसूतीचें काम चालूंच ठेविलें.